जुन्या आवृत्तीचा शेवटचा माणूस

एका प्रोग्रामरने वेबसाइट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर लिहिलं होतं. त्याची नवी आवृत्ती आली तेव्हा सगळ्यांनी ती घेतली. जुनी आवृत्ती वापरणारा एकच म्हातारा दुकानदार उरला. अधूनमधून त्याची तक्रार यायची आणि हा त्याच दिवशी दुरुस्ती पाठवायचा. आपल्यापायी म्हाताऱ्याला किती त्रास, असं वाटून शेवटी त्याने फोन लावला.

"काका, जुन्याची देखभाल आता थांबवावी म्हणतो. तुमची वेबसाइट मीच नव्यावर हलवून देतो."



"वेबसाइट कुठली आता? दुकान केव्हाच बंद झालं. कुणीतरी उत्तर देतं, म्हणून घरीच जुनी पानं उघडून चुका शोधत बसतो. सापडतेही एखादी."

"सापडणारच, काका. तुमची तक्रार येत राहावी म्हणून दर दुरुस्तीत एक मी मुद्दाम ठेवतो."