मूळ वेगावर

“काका, बोला काहीतरी,” दुरुस्तीवाला म्हणाला.

काकांनी एका बोटानं टाइप केलं, एंटर दाबलं आणि हात मांडीवर ठेवला. काका, काकू आणि तो, तिघंही स्पीकरकडे बघत राहिले. दुरुस्तीवाल्यानं चष्मा काढला, पुसला, परत चढवला. वायर सैल असेल म्हणून तो टेबलाखाली शिरला, तेव्हा कुठे स्पीकर खणखणीत बोलला, “गिऱ्हाईक समोर उभं आहे, आधी त्यानं बोली बोलावी!”

गिऱ्हाइकाचं डोकं टेबलाखाली होतं. कुणीच हसलं नाही.

आवाज काकांचाच होता, गळा धड होता तेव्हाचा. काका लिलाव पुकारायचे. ‘दोन वार’ आणि ‘तीन वार’ यांच्यामधल्या फटीत ते असा काही टोला हाणायचे की दिवाणखान्यातलं सामान विकायला आलेला कंगाल माणूससुद्धा हसायचा. शस्त्रक्रियेत गळा गेला. त्याआधी आवाज भरून घेतला होता, तो या कॉम्प्युटरमध्ये होता. “गळा देवानं नेला, पण जिभेची धार बोटांत ठेवली हो,” असं काकू आल्यागेल्याला सांगत. आणि ते खरं होतं, कारण दुरुस्तीवाल्यानं प्रोसेसरचा वेग त्याच्या जन्मजात वेगापेक्षा वाढवून दिला होता. बोट उचललं की उत्तर हजर.

परवापासून कॉम्प्युटर आपल्या मूळ चालीवर आला होता. शेजारी विचारून जिना उतरून जायचे, मग उत्तर यायचं. काल फोनवर नात म्हणाली, “आजोबा, झोपलात का?” आणि तिनं फोन ठेवला. काकांचं उत्तर नंतर खोलीत एकटंच वाजलं.

दुरुस्तीवाल्यानं डब्याचं झाकण उघडून आत बघितलं. “वेगाचं सेटिंग पुसलं गेलंय. आतला सेल मेलाय, पण भिंतीतला करंट होता तोवर याला आठवण होती. काकू, भिंतीवरचं बटन कुणी बंद केलं?”

“मी.”

“अहो, मी पट्टी चिकटवली होती त्यावर!”

“होती की. जपूनच काढली मी.” काकूंचा आवाज खाली आला. “याला हात लावला तर चटका बसला रे. पोर तापानं फणफणावं तसा. म्हटलं, दिवसभर यांच्या तोंडाला तोंड देतो बिचारा. रात्रभर तरी निवांत पडू दे.”

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. पण बायकोकडे बघताना त्यांचे डोळे हसत होते.

नवा सेल बसला. दुरुस्तीवाल्यानं जुना वेग भरला आणि कॉम्प्युटर परत सुरू केला. पंखा घरघरला, स्क्रीन काळाच राहिला आणि थोड्या वेळानं कॉम्प्युटर आपणहून मूळ वेगावर उठला. आवाज बंद होता, म्हणून काकांनी हवेत एक बोट धरलं. एक वार.

त्यानं धूळ झाडली, प्रोसेसर थंड ठेवणारा सुकलेला लेप खरवडून नवा लावला, वेग जरा कमी भरला. पुन्हा तेच. काकांची दोन बोटं वर.

मग त्यानं अगदी थोडा, नावापुरता वेग वाढवला. स्क्रीन उजळला. “आलं, आलं!” काकू पुढे झाल्या. अर्धं चित्र उमटलं, थरथरलं आणि विझलं.

काकांनी तिसरं बोट वर केलं आणि मुठीनं खुर्चीच्या हातावर ठोका दिला. टक्.

“गेलं का रे?” काकूंनी विचारलं.

“गेलं नाही, काकू. चालेल, पण असंच चालेल. इतकी वर्षं कुवतीबाहेर पळवला त्याला मी. धावत होता तोवर धावला. बसला, तो आता उठेना.”

“मग नवा आणू.”

“नव्यावर हा आवाज चढत नाही. ज्यांनी बसवून दिला होता, ते गाशा गुंडाळून कधीच गेले. सगळीकडे विचारून झालंय माझं.”

“म्हणजे माझ्यामुळे—”

“तसं नाही हो. तुम्ही नुसतं निमित्त.”

दुरुस्तीवाल्यानं झाकणाचे स्क्रू आवळले, पिशवी उचलली. दारात चपला घालताना तो म्हणाला, “येतो, काका.”

काकांनी टाइप केलं आणि एंटर दाबलं. दुरुस्तीवाला उंबऱ्यात थांबला, एक पाय चपलेत, एक बाहेर.

त्याला जायची घाई होती, ते काकूंना दिसलं. नवऱ्याचं बोट कळफलकावरून उठलं होतं, तेही दिसलं. उभ्या संसारात या माणसाचा एक विनोद त्यांनी जमिनीवर पडू दिला नव्हता. त्या आधीच हसल्या. तोंडभर, खळखळून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. दुरुस्तीवाल्याला क्षणभर कळेना, मग तोही हसू लागला. दोघं पोटभर हसले. हसू ओसरलं. खोलीत पंख्याची घरघर तेवढी राहिली.

तेव्हा स्पीकर बोलला. तोच लिलावातला भरदार आवाज.

“पुरे झालं गं, बटन बंद कर आता.”

घरातलं प्रत्येक बटन न सांगता बंद करणाऱ्या काकूंनी दोन्ही हात पाठीमागे लपवले.