खंड चौदा, पान चारशे बारा

"चौदाव्या खंडात चारशे बारावं पानच नाहीये!" ग्रंथपालबाईंनी जाडजूड पुस्तक धाडकन मिटलं. "तीनशे नव्वदला संपतो तो. आता काय, पुढची पानं मी लिहून चिकटवू?"

टेबलापलीकडच्या तरुणीने हातातल्या यादीवर पहिल्या निवाड्यापुढे फुली मारली. तिच्या कडेवरची तीन वर्षांची लेक, टिल्ली, मात्र खुदकन हसली.

या कोर्टाच्या ग्रंथालयात बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. पूर्वी वकील यायचे, धूळ खायचे, निवाडे शोधायचे. आता एआयला विचारतात. ते क्षणात दहा निवाडे पुढ्यात टाकतं, पक्षकार, खंड, पान, सगळ्यासकट. त्यातले निम्मे हवेतले! आणि शिडी चढायची कोणी? बाईंनी. या आठवड्यातली ही चौथी यादी.

"मावशी, उरलेले पाच पण बघाल?"

"मावशी घरी. इथे मॅडम. आण तो कागद."

यादी तरुणीने स्वतःच्या हाताने उतरवून आणली होती. सहा निवाडे. सगळ्यांचं म्हणणं एकच: आई दिवसभर नोकरीला जात असेल, तर मूल बापाकडे.

बाई शिडी चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. गुडघे कुरकुरत होते, तोंडही. दुसऱ्या निवाड्याच्या पानावर बेकरीच्या धुराड्याचं भांडण निघालं. तिसऱ्याच्या पानावर कुणाची तरी हरवलेली घोडी. चौथा ज्यांच्या नावावर होता, ते न्यायमूर्ती कधी जन्मालाच आले नव्हते. पाचव्याचा पत्ताच नाही. सहावा तेवढा खरा निघाला, पण त्यात मूल आईलाच दिलेलं!

"अगं, निदान खोटं तरी धड बोलावं माणसानं! एकानेही पुस्तक उघडून बघितलं नाही? तुझ्या नवऱ्याचा वकील शिकलाय तरी कुठे?"

तरुणीने टिल्लीचं नाक पुसलं. "हे सगळं लिहून द्याल? सहीशिक्क्यानिशी? सोमवारच्या आत हातात काहीतरी हवं. नाहीतर ही जाईल माझ्याकडून."

टिल्ली एव्हाना शिडीच्या खालच्या पायरीवर बसून बुटांशी झटत होती. डावा उजव्यात, उजवा डाव्यात. बाई वाकल्या, गुडघा धरून पुटपुटल्या, आणि बूट नीट घालून दिले. मग लेटरहेड ओढलं. कुठल्या पानावर खरोखर काय आहे ते एकेक करून लिहिलं. घोडीसुद्धा सोडली नाही. खाली सही केली आणि शिक्का असा आपटला की पेनं उडाली.

"घे. न्यायाधीशांच्या पुढ्यात ठेव आणि गंमत बघ. आमचे साहेब असल्या बाबतीत भारी कडक. सालटी काढतील त्या वकिलाची."

तरुणीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, चेन दोनदा ओढून बघितली. टिल्लीला उचलून ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

"रागावू नका मॅडम. हा कागद वरच्या कोर्टात लावायचाय. आधी बोलले असते, तर तुम्ही सही केली नसती."

"का नसती केली?"

"ही यादी वकिलाची नाही. तुमच्या साहेबांनी काल दिलेल्या निकालातली आहे."