पडद्यामागची मान

बाहुल्या घडवणाऱ्या ऑक्टाव्हिओने समोरच्या बाहुलीवर झटकन फडकं टाकलं, पण मॅक्सीनला दिसायचं ते दिसलं होतं. तिचाच चष्मा, कपाळावर तिचीच पांढरी बट.

"कुणाची रे ही?"

"कुणाची नाही. चेटकीण आहे," तो म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला. ब्रश स्वच्छच होता.

बाहेर बर्बँक शहर जूनच्या उन्हात भाजून निघत होतं आणि स्टुडिओत भोपळ्यांना दात कोरणं चाललं होतं. बाहुल्या केसभर हलवायच्या, चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायच्या. म्हणून ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनचा, भुताखेतांच्या सणाचा, भाग उन्हाळ्यातच हातावेगळा करायचा. सिनेमा, जाहिराती, पुढारी, सगळ्यांची टर उडवणारी ही मालिका घरच्यांनाही सोडत नसे. मालिकेतून जो जाणार, त्याची हुबेहूब बाहुली करायची आणि हॅलोविनच्या शेवटच्या प्रसंगात तिचं मुंडकं उडवायचं, ही इथली रीत. सेटवरचा पडदा सरकेपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. गेल्या वर्षी एका लेखकाला तर आपण जाणार हे तिथेच कळलं. सगळे हसले, केक कापला, तोही हसला. ते हसू मॅक्सीनच्या डोळ्यांसमोरून जाईना.

हसायला तिला परवडणार नव्हतं. नवऱ्याचं, डेनिसचं डायलिसिस तिच्या नोकरीच्या विम्यावर चालायचं.

आता एकेक गोष्ट उलगडू लागली. ही मालिका तिने आणि हर्शेलने मिळून उभी केली होती, आणि तोच हर्शेल हल्ली नजर चुकवत होता. तुझं सगळं काम त्या नव्या ब्रिनला शिकव, असंही म्हणाला होता. ती तडक त्याच्या खोलीत गेली.

"हर्शेल, मला काही सांगायचंय का तुला?"

"शुक्रवारी. पडदा उघडला की." त्याने तिचा खांदा थोपटला.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. अगं, सरळ विचारायचं ना, डेनिस म्हणाला. विचारलं, ती म्हणाली, आणि त्याने खांदा थोपटला, मयताच्या घरी थोपटतात तसा.

मुलांसाठी बोलक्या गाजरांचं कार्टून काढणारे लोक, आमच्याकडे ये म्हणून, कधीपासून तिच्या मागे होते. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती तिथे गेली. विमा पहिल्या दिवसापासून, पण दोन वर्षं हलायचं नाही. तिने डोळे मिटून करारावर सही केली. परत येताना वरच्या कचेरीत राजीनामाही टाकला. हाकलून देण्याआधी आपण होऊन गेलेलं बरं. तिथला माणूस जरा गोंधळला, पण तिने त्याला बोलूच दिलं नाही.

संध्याकाळी सगळे सेटभोवती जमले. ब्रिनचे डोळे पाणावले होते. मॅक्सीनने ओठांवर हसू आणून ठेवलं.

पडदा सरकला.

तिची बाहुली ताठ उभी होती, हातात गिलोटिनची दोरी. पात्याखाली मान ठेवून, टकलावरचा घाम पुसत, हर्शेलची बाहुली पडली होती.

"ओढ बाई," हर्शेल म्हणाला, "मी निघालो. सोमवारपासून ही मालिका तुझी."