संगणकाने केलेले निदान

पोटात जळजळ होत होती, म्हणून उपाय पाहण्यासाठी मी घरच्या संगणकावर 'पोटात' एवढाच शब्द टंकित केला. तोच संगणकाने आपण होऊन पुढची अक्षरे उमटविली : 'पोटात गाठ, शेवटची अवस्था'. पुन्हा टंकित केले, पुन्हा तेच. बिघडलेला प्रिंटर मी याच संगणकास विचारून दुरुस्त केला होता, त्यामुळे त्याच्या ज्ञानावर माझा पूर्ण विश्वास होता. माझी अन्नावरची वासनाच उडाली. सौभाग्यवतीस चाहूल लागू न देता मी सर्व तपासण्या करविल्या, आणि आज अहवाल संपूर्ण निर्दोष आला.

आनंदाच्या भरात ही हकीकत मी फोनवरून भाचीस कथन केली. ती खो खो हसत सुटली.

"धन्य आहे मामा तुमची! तरीच मामी म्हणते, ह्यांना काही सांगायची सोय नाही, लगेच हातपाय गाळतात. अहो, तो संगणक काय अंतर्ज्ञानी आहे? त्याच्यावर आधी जे शोधलेलं असतं ना, तेच तो पुढच्या वेळी आपणहून पुढे करतो."

"अगं, पण मी असलं काही कधी शोधलंच नव्हतं."

"मग दुसऱ्या कुणीतरी शोधलं असेल..."

भाचीचे हसू मध्येच थांबले.



या घरात आम्ही दोघेच राहतो, आणि आतल्या खोलीतून सौभाग्यवती नेहमीच्याच हसऱ्या आवाजात विचारीत होती, "अहो, कुणाचा फोन?"