बंद करून चालू करा

अकरा वाजून पाच मिनिटांनी बावीसही संगणक एकाच लाल ओळीवर थांबले. नेटवर्क सापडत नाही, असं ती ओळ सांगत होती.

परीक्षा दोनला होती. मंगळवार पेठेतल्या त्या संस्थेची तळमजल्यावरची लॅब नवी, संगणकही नवे. एकेकावर परीक्षेची यंत्रणा बसवत गेलं तर दोन दिवस जाणार. म्हणून संगणकांचं काम बघणाऱ्या संघप्रियानं परवाच एक तयार प्रत संस्थेच्या सर्व्हरवर ठेवली होती. संगणक चालू झाला की तो आधी सर्व्हरला शोधणार, स्वतःतलं सगळं पुसणार आणि ही प्रत उतरवून घेणार. ‘पुसू का?’ हा प्रश्न तिनं काढून टाकला होता. बावीस ठिकाणी ‘हो’ म्हणत फिरायला ती एकटीच होती.

“ओ मॅडम,” केंद्रप्रमुख विजयसिंह दारातून ओरडले, “पोरं गेटवर यायला लागली. तवर कुस्त्या लावू का त्यांच्या?”

“लावा. निकाल लागेपर्यंत होतंय माझं.”

दोष तिला कळला होता. नव्या संगणकांतलं नेटवर्कचं कार्ड वेगळ्या बनावटीचं होतं आणि सर्व्हरवरून आधी जाणाऱ्या छोट्या यंत्रणेत ते चालवणारी ड्रायव्हर फाइल नव्हती. संगणक सर्व्हरच्या दारापर्यंत येत होते आणि तिथं आंधळे होत होते. तिनं कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवायला घेतली. ती चुकीची निघाली. दुसरी घेतली.

फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरून गुंडू आण्णा बोलत होते.

गुंडू आण्णा मोडी वाचत. चंदगडकडच्या नऊ घरांतली जुनी कागदपत्रं त्यांनी चौदा महिने बसून वाचली होती आणि दोन बोटांनी देवनागरीत टाइप केली होती. मूळ कागद ज्याचे त्याच्या घरी परत गेले होते. उजवा डोळा कामातून गेला होता. डावा सोमवारी शस्त्रक्रियेला जायचा होता आणि पुढं किती दिसेल हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. चौदा महिन्यांचं ते काम एकाच ठिकाणी होतं, त्यांच्या टेबलावरच्या संगणकात. संस्थेनं व्हायरसच्या भीतीनं पेनड्राइव्हवर बंदी घातलेली.

“परवापासनं सकाळी लाल ओळ येतीया गं,” आण्णा म्हणाले. “कायतरी दाबलं की जातीया. पण जीव धाकधूक करतोय.”

“तीच ओळ इथंबी हाय, आण्णा. तुमचा संगणक ह्याच खेपेतला. काळजी करू नका. तुमच्याला मी हात लावत न्हाय. परीक्षा सुरू झाली की वर येतो आणि सगळ्याची प्रत काढून देतो.”

“शब्द?”

“शब्द.”

तिसरी फाइल बरोबर होती. ती छोट्या यंत्रणेत घालून सगळं नव्यानं बांधायला अर्धा तास गेला. तेवढ्यात विजयसिंह चार वेळा आले. एकदा घड्याळ दाखवून गेले, एकदा नुसतेच उभे राहिले. बाहेर मुलांचा गलका वाढत होता. एका पालकानं खिडकीच्या जाळीतून, “चालू हाय न्हवं?” असं विचारलं.

बारा वाजून आठ मिनिटांनी तिनं बावीस बटणं ओळीनं दाबली. पहिल्या पडद्यावर पांढरी पट्टी आली. मग दुसऱ्या. मग सगळ्यांवर.

फोन वाजला. तिचे डोळे पट्ट्यांवर होते.

“आता माऊसबी हलंना झालाय, बाई.”

“बंद करून चालू करा, आण्णा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. हे वाक्य ती दिवसातून वीस वेळा बोलायची.

विजयसिंहांनी चहा मागवला. “जमलं की ओ मॅडम! आमच्या घरचा टीव्हीबी बघा एकदा.” ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा तिनं खुर्चीला पाठ टेकली.

बारा वाजून एकवीस मिनिटांनी आण्णांचा पुन्हा फोन आला. आवाज मोकळा होता.

“काय केलंस गं पोरी? लाल ओळ आलीच न्हाय! आपोआप सगळं चालू हाय. पांढरी पट्टी सरकतीया बघ. तवर मी नाष्टा करून येतो, खोलीला कुलूप घातलंय.”

“आण्णा, थांबा! वायर काढा! आण्णा—”

फोन बंद झाला होता. तिनं परत लावला. वाजत राहिला.

तिनं सर्व्हरचा पडदा पुढं ओढला. पट्ट्या मोजल्या. बावीस एका टप्प्यावर होत्या. तेविसावी मागून येत होती. सहा टक्के. पुसण्याचं काम पहिल्या मिनिटातच होतं, हे तिला माहीत होतं. पुसलेल्यातलं काही परत मिळतं, पण त्यावर नवीन लिहिलं जाईपर्यंतच. सात टक्के. प्रत सगळ्यांना एकाच धारेनं जात होती, एकालाच तोडायची सोय नव्हती. जिना तीन मजल्यांचा. वर कुलूप. आठ.

तिनं सर्व्हरची केबल मुठीत धरली.

“ओ मॅडम,” विजयसिंह कप ठेवून उठले. “काय करताय? दीडला पोरं आत घ्यायचीत!”

बारा वाजून तेवीस मिनिटांनी सगळ्या पट्ट्या एकदम थांबल्या.