सातव्या बाकाची पट्टी

“सातवा बाक अजून मोकळा आहे का?” क्लिफर्ड नटॉलने धक्क्यावर जायच्या तिकिटाच्या खिडकीत वाकून विचारलं.

खिडकीतल्या लॉरेनने चष्मा नाकावर चढवला आणि वही उघडली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला आमचा हा लोखंडी धक्का पाव मैल समुद्रात गेलेला आहे, आणि त्याच्या कठड्याशी बाक आहेत. गावात कोणी गेलं की घरचे एखाद्या बाकावर त्याच्या नावाची पितळी पट्टी लावतात. दफनभूमीपेक्षा लोक इथेच जास्त फिरकतात, कारण इथे गरम चिप्स मिळतात.

“मोकळा आहे. शेवटचा तेवढाच उरलाय. कोणाच्या नावाने लावायची?”

उत्तर त्याने घरून पाठ करून आणलं होतं. माझ्याच नावाने, मागे लावणारं कोणी नाही, म्हणून आधीच लावून घेतो. वाक्य साधंच होतं. पण मागे एक बाई कुत्रं घेऊन उभी होती, आणि परक्या बाईच्या देखत असं काही बोलायचं म्हणजे भर रस्त्यात शर्ट काढण्यासारखंच.

“क्लिफर्ड नटॉल,” तो एवढंच म्हणाला.

“अरेरे. तुमचा भाऊ का?”

इथे त्याने ‘नाही’ म्हणायला हवं होतं. पण तिने इतक्या मायेने विचारलं होतं, की तिला चुकीचं ठरवणं त्याच्या जिवावर आलं. आम्हा इंग्रज लोकांची ही खोडच आहे. कोणी आमच्या पायावर पाय दिला तर माफी आम्हीच मागतो. क्लिफर्डने होकारार्थी मान हलवली.

“ये राजा, आत ये,” लॉरेन म्हणाली. ‘तुम्ही’ कुठल्या कुठे पळालं. कुत्रेवाल्या बाईला तिने “जा तशाच, आज तिकीट नको” म्हणून आत सोडलं, खिडकीची झडप ओढली आणि क्लिफर्डला हीटरजवळच्या स्टुलावर बसवलं. मग त्याच्या हातात चहा दिला. याआधी आपल्यासाठी चहा कोणी आणि कधी केला होता, ते त्याला काही केल्या आठवेना.

“कधी गेला?”

“नुकताच.”

“फार आजारी होता का?”

“नाही. तसा ठणठणीत होता.”

“हाल झाले नाहीत, तेवढं तरी बरं.” तिने अर्ज पुढे ओढला. “पट्टीवर काय घालायचं? कोणी ‘लाडके बाबा’ घालतं, कोणी आणखी काही. स्वभावाने कसा होता?”

क्लिफर्ड विचारात पडला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. “कोणाला त्रास दिला नाही त्याने.”

“बायको-मुलं?”

“नाही.”

“मित्रबित्र?”

“होते, कामावर. मग काम सुटलं.”

“बिचारा,” लॉरेन म्हणाली. “आणि इथे यायचा का कधी?”

“रोज. तीन वाजता. सातव्या बाकावर बसायचा आणि दिवे लागले की उठायचा.”

“रोज?” लॉरेनने पेन खाली ठेवलं. “मी नऊ वर्षं आहे या खिडकीत. म्हणजे तिकीट माझ्याच हातून घेत असणार. दिसायला कसा होता?”

क्लिफर्डने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे सरळ पाहिलं. “माझ्यासारखाच.”

लॉरेनने त्याचा चेहरा नीट न्याहाळला. आठवावं म्हणून तिने मनापासून प्रयत्न केला, हे त्याला दिसत होतं.

“नाही रे आठवत,” ती शेवटी म्हणाली. “लाज वाटते सांगायला. नऊ वर्षं रोज येणारा माणूस, आणि मी एकदाही मान वर करून बघितलं नाही.”

“तुमचा काय दोष? तो बोलायचाच नाही.”

हे म्हणताना त्याचा आवाज चिरकला. क्लिफर्ड नटॉलचं त्याला खरोखरच फार वाईट वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि थांबेना. लॉरेनने चिप्सवाल्याकडचे कागदी रुमाल त्याच्या हातात कोंबले आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“‘रोज इथे बसायचा,’ एवढंच घालू या,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “खरं तेवढं पुरे. आता लावणाऱ्याचं नाव सांग. तुझं.”

खरं सांगायची ही शेवटची संधी होती. लहानपणी शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं जे नाव होतं, तेच त्याच्या तोंडून निघालं. “रॉय.”

लॉरेनने वळणदार अक्षरात ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तो धक्क्यावर आला. नेहमीप्रमाणे खाली बघत, सुटे पैसे मुठीत तयार ठेवून. खिडकीत हात घालणार, तोच लॉरेनने अर्धं अंग बाहेर काढून हाक मारली.

“रॉय, ये रे! चहा टाकलाय. भावासारखा गुपचूप निघून जाऊ नकोस.”

त्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

“आलो,” रॉय म्हणाला.