वेशीवरचा आकडा
गावातलं कुणी वारलं किंवा गाव सोडून गेलं की वेशीवरच्या पाटीवरची लोकसंख्या घरच्यांनीच बदलायची, ही नेब्रास्कातल्या त्या खेड्याची रीत. रेल्वे गेली, शाळा गेली, रीत तेवढी उरली. नवऱ्याला पुरून व्हर्ना थेट रंगाचा डबा घेऊन पाटीपाशी आली. शहरातून आलेला मुलगा गाडी चालूच ठेवून मागे उभा राहिला. “आई, दोन कमी कर. घराला गिऱ्हाईक पाहिलंय, तुझी सोय वृद्धाश्रमात केलीय.” व्हर्नाने त्रेचाळीस खोडून सावकाश एक्केचाळीस रंगवलं. “एकदाचं ऐकलंस!” तो म्हणाला. “कसलं ऐकतेय! मी इथेच मरणार. एक तुझे बाबा, दुसरा तू. शहरात गेलास तेव्हाच मी तुला खोडायला आले होते. ‘येईल गं पोरगा’ म्हणत त्यांनी माझा हात धरला.” तिने डब्याचं झाकण ठोकून बसवलं. “आज धरायला ते नव्हते. निघ आता.”